केदारकंठा, डिसेंबर अखेर, मळलेली वाट सोडून : गोव्यातून निघण्याआधी काय काय लागेल?

कुळागर (फोंडा)

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा चौघांचा बेत ठरतोय. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची (सुट्या दगडमातीची), नाळेची (डोंगरातल्या उभ्या घळीची), दृष्टिभयाची (खोल दरीशेजारून चालण्याची) चौघांनाही सवय आहे. बर्फावर मात्र एकाचाही पाय पडलेला नाही. पायथ्याच्या सांकरी गावाहून जुडा का तालाब हे तळं आणि तिथून वरचा तळ, इथवर नेहमीच्या वाटेने जाऊ. शेवटच्या दिवशी मात्र माथ्याकडे जाणाऱ्यांची पहाटेची रांग टाळायची आणि बाजूच्या सोंडेवरून माथा गाठायचा, असा विचार आहे. प्रश्न चार:

१. भाड्याने मिळणारे मायक्रोस्पाइक पुरतील का?
२. आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची हलकी कुऱ्हाड) न्यायची की काठ्यांवर भागेल?
३. दोर किती मीटरचा घ्यावा?
४. गोव्यात बसून कशाचा सराव करता येईल?

घाटवाट (केरी-सत्तरी)

कुळागरबाब, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी होती, पण असो, क्रमाने घेऊ.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. केदारकंठ्याची मळलेली वाट निसरडी असते ती शेकडो पायांनी हिम दाबून घट्ट केल्यामुळे. दुपारी वरचा थर जरा वितळतो, रात्री गोठतो, आणि पहाटे त्याची काच झालेली असते. म्हणून सगळ्यांना वाटतं, चार पावलं बाजूला गेलं की सोपं. बाजूला तीन प्रकार भेटतात. एक, वर कवच आणि खाली भुसा: पाऊल टाकलं की क्षणभर टिकतं, वजन पूर्ण आलं की गुडघ्यापर्यंत आत. दोन, वाऱ्याने घासून टणक झालेलं हिम. यावर बूट उमटतसुद्धा नाही. तीन, खडकावर किंवा सुकलेल्या गवतावर बसलेला पातळ पारदर्शक बर्फ. तो दिसत नाही, आणि क्रॅम्पॉनला (बुटाखाली बांधायच्या पोलादी दातांच्या चौकटीला) धरायला पुरेसा जाडही नसतो. डिसेंबरात हिमाचा थर पातळ असतो, त्यामुळे तिसरा प्रकार माथ्याजवळच्या उघड्या सोंडेवर जास्त.

मायक्रोस्पाइक म्हणजे रबराच्या पट्ट्याला साखळीने जोडलेले सेंटिमीटरभराचे दात. सपाट किंवा २० अंशांपर्यंतच्या दाबलेल्या वाटेवर उत्तम. २५ अंशांच्या पुढे आडवं चालताना रबर ताणतं, साखळी बुटाच्या बाजूला सरकते आणि दात तळव्याखाली राहतच नाहीत. वाट सोडणार असाल तर पूर्ण क्रॅम्पॉन, १० किंवा १२ दातांचे. ते घालायचे तर आइस अ‍ॅक्स आलीच, कारण क्रॅम्पॉन जिथे लागतात तिथे घसरलं तर काठी थांबवत नाही.

आता उतार. सगळा हिशोब दोन गोष्टींचा: उतार किती अंशांचा, आणि घसरलो तर थांबणार कुठे. २५ अंशांचा उतार, खाली मऊ पठार, तर चूक माफ. तोच २५ अंश, खाली झाडांचे बुंधे किंवा कडा, तर ती जागा वेगळीच समजायची. सह्याद्रीत आपण वर बघून वाट शोधतो. इथे प्रत्येक उताराच्या पायथ्याकडे बघून ठरवायचं की पाऊल टाकायचं का.

दोराचं नंतर लिहितो, तो मोठा विषय आहे.

मडगांवचो

मिरामारच्या रेतीत आइस अ‍ॅक्सचा सराव केल्यास चालेल काय? रेतीची टेकाडंही घसरतातच की.

घाटवाट

रेती थांबवते, बर्फ थांबवत नाही. त्यामुळे रेतीत सगळ्यांना जमतं आणि खोटा विश्वास बसतो. पण घसरल्यावर अ‍ॅक्सने थांबायची हालचाल पाठ करायला घरातली सतरंजी पुरे. क्रम असा:

अ‍ॅक्सचं डोकं (एकीकडे टोकदार पिक, दुसरीकडे फावड्यासारखी अ‍ॅड्झ) एका हातात, अंगठा अ‍ॅड्झखाली, बाकी बोटं पिकवरून. दुसरा हात दांड्याच्या खालच्या टोकाजवळ, आणि ते टोक मुठीत झाकलेलं, नाहीतर ते मांडीत घुसतं. दांडा छातीवरून तिरका. अ‍ॅड्झ खांद्याच्या खोबणीत, गळपट्टीच्या हाडाखाली. पडलात की डोकं धरलेल्या हाताच्या बाजूने पालथे व्हा. दुसऱ्या बाजूने वळलात तर खालचं टोक आधी बर्फात रुततं आणि अ‍ॅक्स हातातून हिसकली जाते. मग छातीचं सगळं वजन पिकवर, तोंड दुसरीकडे वळवलेलं, गुडघे रोवलेले, आणि पायांत क्रॅम्पॉन असतील तर पावलं हवेत. वेगात दात अडकला तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो.

डावीकडे, उजवीकडे, पाठीवर पडून पाय खाली, पाठीवर डोकं खाली, पोटावर डोकं खाली: एवढ्या सगळ्या स्थितींतून. डोकं खाली असेल तर पिक बाजूला, कमरेच्या रेषेत लांब रोवायची, म्हणजे शरीर तिच्याभोवती फिरून पाय खाली येतात. सतरंजीवर हे अर्धा-अर्धा तास रोज केलं तर हात आपोआप जागेवर जातात. अ‍ॅक्स नसेल तर हातोडीला काठी बांधा. टोकांना कापड गुंडाळा, शेजारच्यांना आधी सांगा.

खरा सराव मात्र तिथेच: तळाजवळ, खाली सपाट मऊ हिम असलेला उतार शोधून, क्रॅम्पॉन काढून, हेल्मेट घालून. त्यासाठी एक दिवस राखून ठेवा. आणि हेही ऐका: टणक बर्फावर ही युक्ती पहिल्या सेकंदा-दोन सेकंदांत लागली तर लागली. नायलॉनच्या पँटवर वेग इतका भराभर वाढतो की त्यानंतर पिक बर्फ ओरबाडत राहते. अ‍ॅक्सचं पहिलं काम पडू न देणं हे आहे.

तांबडीमाती (डिचोली)

घाटवाटबाबांशी सहमत. मी सामानाबद्दल लिहिते, कारण गोव्याच्या हवेत सामान कसं मरतं ते उत्तरेकडच्या याद्यांत कुणी लिहीत नाही.

बूट. कपाटात तीन-चार पावसाळे काढलेला, जवळजवळ न वापरलेला ट्रेकिंगचा बूट सर्वांत धोकादायक. मधला तळ पॉलीयुरेथेनचा असेल तर दमट हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडतं. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चढावर अर्ध्या तासात सोल तोंड उघडतो. न वापरता ठेवलेला बूट लवकर जातो हे लोकांना खरं वाटत नाही. तपासायचं असेल तर अंगठ्याने मधला तळ जोरात दाबा. चिरा उमटल्या, भुगा आला किंवा कडेने फट दिसली तर तो बूट बाद. फेव्हिक्विकने भागत नाही, कारण चिकटवायला खाली घट्ट काही उरलेलंच नसतं. हाच रोग तंबूच्या आणि रेनकोटच्या आतल्या लेपाला लागतो. चिकट झाला, वास आला की समजावं.

बूट आणि क्रॅम्पॉन यांची जोडी. मऊ बुटाला, म्हणजे हातांनी धरून सहज दुमडणाऱ्याला, क्रॅम्पॉन लावू नये. तळवा वाकतो, क्रॅम्पॉनची मधली धातूची पट्टी वाकत नाही, आणि तो सुटतो किंवा पट्टी मोडते. वर्गवारी सरळ आहे: थोड्या ताठ तळव्याच्या बी-१ बुटाला बांधायच्या पट्ट्यांचा सी-१ क्रॅम्पॉन. टाचेला खाच असलेल्या बी-२ ला मागे क्लिपचा सी-२. पूर्ण ताठ बी-३ ला सी-१ ते सी-३ तिन्ही चालतात. केदारकंठ्यासारख्या चालण्याच्या डोंगरावर बी-१ किंवा बी-२ आणि लवचीक पट्टीचा सी-१ पुरे.

बसवणं घरी करा, अंधारात, हातमोजे घालून. पट्ट्या न आवळता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन खाली पडता कामा नये, इतकी लांबी जुळलेली हवी. पुढचे दात बुटाच्या नाकापुढे एक ते दोन सेंटिमीटर. बक्कल दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूला. आत असतील तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात. उरलेली पट्टी लोंबू देऊ नका, खोचा किंवा कापा.

भाड्याचे घेताना काय बघाल: दात बोथट आहेत का, नटबोल्ट सैल आहेत का, पट्टीला चिरा आहेत का, आणि खाली प्लास्टिकची पत्री आहे का. ही पत्री नसली की ओलसर हिम तळव्याला गोळ्यांनी चिकटतं. दात त्या गोळ्यांत बुडतात आणि तुम्ही गुळगुळीत चेंडूवर चालायला लागता. पत्री असूनही गोळे धरले तर दर दोन-तीन पावलांना अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या बाजूवर ठोका. दातांना धार हाती कानशीने, ग्राइंडरवर कधीच नाही. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं.

अ‍ॅक्स. चालण्यासाठी ५५ ते ७० सेंटिमीटर. डोकं हातात धरून हात सरळ सोडला की टोक घोट्याच्या आसपास यायला हवं.

काठ्या घरी ठेवू नका. तळापर्यंत त्यांचं काम आहे. उतार तीव्र झाला की पिशवीला लावा आणि अ‍ॅक्स काढा. ती अवघड जागेच्या आधी काढायची, अवघड जागेत पिशवी उतरवून नाही.

सडा-कातळ (पेडणे)

नकाशाचं कुणीच बोललं नाही. वाट सोडायची तर तीच पहिली पायरी.

१:५०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. कंटूरमधलं (समान उंचीच्या रेषांमधलं) उभं अंतर ४० मीटर असेल तर दोन रेषा कागदावर १.४ मिमी अंतरावर असल्या की उतार ३० अंशांचा, ०.८ मिमीवर असल्या की ४५ अंशांचा. कंटूर २० मीटरचा असेल तर हे आकडे निम्मे. पारदर्शक पट्टीवर या दोन खुणा करून घ्या आणि ठरवलेल्या सोंडेवर घरीच फिरवा. जिथे रेषा १.४ पेक्षा जवळ येतात तिथे लाल पेन्सिल.

हा हिशोब कुठे फसतो तेही लक्षात घ्या. ४० मीटरच्या दोन रेषांमध्ये ३० मीटरचा उभा कडा बसू शकतो आणि नकाशा चकार शब्द काढत नाही. म्हणून उपग्रहचित्र शेजारी उघडून सावल्या बघा. उत्तराखंडात चुंबकीय फरक (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला) अंशा-दोन अंशांचाच, तो सोडून दिला तरी चालतो.

वर धुकं आणि हिम एकरंगी झालं की जमीन आणि आकाश यांच्यातली रेघ पुसली जाते. पायाखाली चढ आहे की उतार तेही कळत नाही. उपाय आधीच करायचा: चढताना फोनवर ट्रॅक चालू, तळाच्या आणि प्रत्येक वळणाच्या जागेचा दिशाकोन वहीत, आणि झाडं संपल्यावर ३०-४० मीटरवर एक, अशा बांबूच्या पातळ काठ्या, वर रंगीत चिंधी. उतरताना गोळा करत यायचं. चढताना प्रत्येक वळणावर मागे बघून घ्या. सोंड चढताना सगळ्या फांद्या एका ठिकाणी मिळतात, उतरताना त्याच फुटतात. चुकीच्या सोंडेवर माणूस उतरतानाच जातो.

फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, विमान मोडवर. थंडीत ३० टक्के दाखवणारा फोन सरळ बंद पडतो. अंगाच्या उबेत ठेवला की तेच टक्के परत येतात. हेडटॉर्चला लिथियमचे एकवेळचे सेल, अल्कलाइन थंडीत ढेपाळतात.

पावसाळी

मग उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतलं की झालं. परदेशी गिर्यारोहक सगळे तेच वापरतात.

सडा-कातळ

घेऊ नका. भारतात उपग्रह फोन आणि उपग्रह संदेशयंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्यातल्या विमानतळावरच अशी यंत्रं सापडल्याने परदेशी प्रवाशांवर गुन्हे नोंदले गेले आहेत. त्याऐवजी दोन गोष्टी: सांकरीत एका माणसाकडे लेखी मार्ग, परतीची वेळ आणि 'या वेळेनंतर शोध सुरू करा' ही वेळ. दुसरी, प्रत्येकाच्या गळ्यात शिटी. मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. शोधाला एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल) येते, नेटवर्क असेल तिथून ११२. सांकरीच्या वर नेटवर्क गृहीत धरू नका.

आणि अजून एक. सांकरीचा परिसर गोविंद पशुविहारात येतो. प्रवेशाची नोंद आणि शुल्क नैटवाडला. मार्ग बदलायचा तर वनखात्याला आणि स्थानिक वाटाड्याला आधी विचारा, उतरल्यावर नाही.

घाटवाट

आता दोर, आणि त्याच्या आधी हिमस्खलन, कारण ३० अंशांची लाल पेन्सिल त्यासाठीच आहे.

थराथराने सरकणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, ३८ च्या आसपास सर्वाधिक. त्याहून उभ्या जागी हिम साचतच नाही, आपोआप पडत राहतं. पंचाईत अशी की चढायला 'मस्त' वाटणारा उतार नेमका याच टप्प्यातला. 'सगळं गोठून दगड झालंय, आता काय सरकणार?' हे अर्धंच खरं. वितळून गोठलेला एकसंध थर पहाटे घट्ट असतो, बरोबर. पण वाऱ्याने वाहून आणून बसवलेली लादी हाताला तितकीच टणक लागते आणि तिच्याखाली साखरेसारखे मोकळे कण असू शकतात. डिसेंबरात हिम पातळ आणि रात्री निरभ्र: खालची जमीन शून्याच्या आसपास, वरचा पृष्ठभाग उणे पंधरा. त्या फरकाने तळाचे कण वाढतात, एकमेकांना धरत नाहीत. अशा तळावर नवी लादी बसली की सापळा तयार.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि २९ जण गेले. तिथे शिकवणारे होते, दोर होते. उताराला त्याचं काही नसतं.

खुणा, महत्त्वाच्या क्रमाने: आजूबाजूला ताजं स्खलन. पायाखाली 'व्हुम्म' असा बसका आवाज. पावलापासून धावत जाणारी भेग. गेल्या चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या वर हिम, किंवा जोराचा वारा. पोकळ ढोलासारखा आवाज. यातलं एकही दिसलं तर ३० अंशांच्या वर जायचं नाही, आणि अशा उताराच्या खालूनही जायचं नाही. आडवं कापावंच लागलं तर एकेकट्याने, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून बघत, पिशवीचा कंबरपट्टा सोडून.

बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (हिमात खुपसायची लांब काठी), फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे नसतील आणि वापरता येत नसतील तर त्या उतारावर जाण्याचा प्रश्नच नाही. गाडल्या गेलेल्या माणसाची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने उतरते. सांकरीहून कुणी तेवढ्यात येत नाही.

उत्तराखंडासाठी हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते, हवामान देहरादूनच्या हवामान केंद्राकडून. निघण्याआधी दोन्ही बघा, वाटाड्याला विचारा. मोठा हिमपात होऊन गेला असेल तर दोन दिवस थांबा.

धारेवर पोचलात की छज्जा. वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला हिम कड्याबाहेर लोंबतं. वरून ते सपाट अंगण दिसतं. तुटताना ते कड्याच्या रेषेवर तुटत नाही, बरंच आत, अंगणातच तुटतं. वाऱ्याच्या बाजूने, खडक किंवा झुडूप दिसेल अशा जागेवरून चाला. फोटोसाठी कडेला कुणी जाणार नाही, हे तळावरच ठरवा.

आता दोर. चौघं, एकालाही बिले (दोराने दुसऱ्याला सुरक्षित धरणं) येत नाही, उतार टणक. अशा वेळी एका दोरात बांधून घेतलं की एकाची घसर चौघांची होते. मागचा माणूस पहिल्याला धरून ठेवतो हे मऊ हिमावर, हिमनदीच्या भेगांजवळ खरं. टणक उतारावर बर्फात रोवलेला आधार नसेल तर दोर फक्त सगळ्यांना बरोबर नेतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शून्य मीटर. दोर लागेल अशी जागा आली तर ती तुमची जागा नाही, मागे फिरा. दोर शिकायचा असेल तर उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या संस्थांचे साधारण चार आठवड्यांचे बेसिक अभ्यासक्रम आहेत. तिथे जा.

कुळागर

वाचनखूण साठवली. म्हणजे सोंडेवर एकही जागा ३० च्या वर नको, असं धरून नकाशा परत बघतो. पण चालायचं कसं? क्रॅम्पॉन घालून सह्याद्रीसारखं चाललं की दात पँटीत अडकतात असं ऐकतोय.

तांबडीमाती

गेटर (पोटरीवर बांधायचं कापडी आवरण) घट्ट, पाय नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं फाकून, पाऊल जरा जास्त उचलून. सैल पायघोळ पँट नको.

चढताना तळव्याचे सगळे खालचे दात एकदम बसले पाहिजेत. सह्याद्रीत उतारावर आपण बुटाची कड रोवतो. ती सवय इथे घातक, कड रोवली की एकाच बाजूचे दात लागतात आणि सुटतात. घोटा उताराकडे लवू द्या, तळवा उताराला चिकटलेला. २० अंशांपर्यंत सरळ वर, पाय बदकासारखे बाहेर. त्यापुढे नागमोडी, आडवं. अ‍ॅक्स नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात, पिक मागे. वळताना आधी दोन्ही पाय स्थिर, मग अ‍ॅक्स समोर रोवून हात बदला, मग पाय वळवा. वरचा पाय पुढे असताना तोल भक्कम असतो. अ‍ॅक्स हलवायची ती त्याच क्षणी.

उतरताना लोक मागे झुकतात. मग टाचेचे दात तेवढे लागतात. गुडघे वाकवा, नाक पावलांच्या पुढे, वजन तळव्यावर. ४० अंशांच्या जवळ जाल तेव्हा तोंड डोंगराकडे करून उतरतात, पण तुम्ही तिथे असणारच नाही ना.

बसून घसरत उतरायची गंमत: क्रॅम्पॉन पायांत असताना कधीच नाही. त्यात घोटा मोडतो.

कवच मोडून आत पाय जाणाऱ्या जागी पुढच्याने छोटी पावलं टाकावी, मागच्यांनी त्याच खड्ड्यात. पंधरा मिनिटांनी पुढचा बदला. जंगल संपताना हिमाखाली दबलेली झुडपं असतात, त्यांच्याभोवती पोकळी राहते. तिथे कमरेपर्यंत जाल. बुंध्यांपासून दूर चाला.

म्हादई (साखळी)

समुद्रसपाटीहून जाणाऱ्यांनी विरळ हवेचा वेगळा हिशोब करायचा. सांकरी सुमारे १,९०० मीटर, माथा ३,८०० मीटर. सपाटीहून विमानाने देहरादून आणि दुसऱ्या दिवशी सांकरी गाठली, तर शरीराला सवय व्हायला काही मिळालेलं नसतं. सांकरीत एक पूर्ण रात्र आणि सकाळी फिरून खाली येणं, एवढं तरी हवं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर, अति थकवा यांपैकी काही आहे: तिथेच थांबा, वर नाही. सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता येत नाही, बोलण्यात घोळ होतोय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय: लगेच खाली, रात्र असली तरी. अ‍ॅसिटाझोलामाइड उंचीचा त्रास टाळण्यासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी सावध. घरच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि पहिली गोळी घरीच घेऊन बघा.

थंडी: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. सांकरीत पहाटे शून्य असेल तर माथ्यावर उणे बारा. उणे दहाला ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे एकवीससारखं लागतं. बोटं पांढरी, मेणचट, बधिर झाली तर चोळू नका, हिमाने तर नाहीच. काखेत धरा. पाय गोठला असेल आणि अजून चालायचं असेल तर तो मध्येच वितळवू नये. वितळून परत गोठला तर नुकसान कैक पटींनी. खाली आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात.

सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काहीही नको. घाम सुती कापडात राहतो आणि थांबलात की गारठवतो. चालताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे, थांबल्याबरोबर जाड जॅकेट. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक वाऱ्यावर उडतोच. काळा चष्मा कडेने झाकणारा. हिमावरच्या उन्हाने डोळे दुपारपर्यंत काही बोलत नाहीत, रात्री रेती भरल्यासारखे होतात.

पाण्याची नळी विसरा, गोठते. रुंद तोंडाची बाटली, मोज्यात, उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, मग तोंड मोकळं राहतं.

घाटवाट

वेळापत्रक. चालीचा जुना नियम: तासाला पाच किलोमीटर, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. न मळलेल्या हिमावर त्याची किमान दुप्पट धरा, कवच मोडत असेल तर तिप्पट. म्हणजे वरच्या तळापासून ४०० मीटर चढ आणि दोन किलोमीटर, कागदावर तास-सव्वातास, प्रत्यक्षात तीन-चार. पहाटे तीन-साडेतीनला निघा. सूर्य आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतो, तिथलं कवच नऊ-दहापर्यंत मऊ होऊ लागतं. माथा दिसत असो वा नसो, दहा वाजता पाठ फिरवायची, हे लिहून ठेवा. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की घड्याळ न बघताही. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्यास्त.

गोव्यातल्या सरावाचं राहिलं. सोनसोगड, गोव्यातलं सर्वोच्च शिखर. म्हादई अभयारण्यात आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीनेच. त्यापेक्षा रोजचं सोपं: आल्तिनोच्या किंवा कुठल्याही देवळाच्या पायऱ्या, पाठीवर १० ते १२ किलो, चढण्यापेक्षा उतरण्यावर भर, सावकाश, पाऊल न आपटता. उतरताना मांड्या थरथरायला लागल्या की क्रॅम्पॉनचे दात तिरके पडतात. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर चालणं मात्र सराव म्हणून करू नका. तिथे शिकलेली कड रोवायची सवय पुन्हा मोडावी लागेल.

कुळागर

नकाशा पाहिला. जी सोंड मनात होती तिच्यावर शेवटच्या १५० मीटरांत रेषा मिलिमीटरभर अंतरावर, कंटूर ४० चा. म्हणजे ३८-३९ अंश! ती रद्द. दुसरी बोथट सोंड आहे, सगळीकडे १.८ मिमीच्या वर, थोडी लांब. वाटाड्याला तीच दाखवतो. ताजं हिम असेल तर मळलेल्या वाटेनेच, मायक्रोस्पाइकवर.

शेवटचा प्रश्न, सामान नेण्याचा. निम्मे मडगावहून गाडीने निजामुद्दीन, निम्मे विमानाने. अ‍ॅक्स आणि गॅस?

तांबडीमाती

१.८ म्हणजे २४ अंशांच्या आसपास, ठीक. कड्याचं उपग्रहचित्रावर बघायला विसरू नका.

अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन विमानात चेक-इन सामानात, टोकांना रबर किंवा जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे. पॉवर बँक उलट, हातातल्या पिशवीत. गॅस ना विमानात ना रेल्वेत, देहरादूनला घ्या. मसुरी, पुरोला, मोरीमार्गे सांकरी दोनशेएक किलोमीटर, पूर्ण दिवस जातो, वाटेत शोधत बसू नका. लांबट डब्यांत बहुधा नुसता ब्यूटेन असतो. तो सपाटीवर उणे अर्ध्या अंशालाच वायू व्हायचं थांबवतो, कडक थंडीत पहाटे शेगडी नीट पेटणार नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा स्क्रूवाला डबा मागा, आणि तोही रात्री झोपायच्या पिशवीत. हिम वितळवून पाणी करायचं असेल तर माणशी दिवसाला १०० ते १५० ग्रॅम. भांड्यात तळाला आधी थोडं पाणी, मग हिम थोडं थोडं. नुसतं हिम टाकलं तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. अर्धा वापरलेला डबा कुणी विकत असेल तर पाण्यात सोडून बघा. भरलेला खोल बसतो, रिकामा कलंडून वर तरंगतो.